दहा दिवस पुढचा दादा

गोर्सहॅम, ससेक्स
१६ एप्रिल १५८५ (इकडची तारीख)

दादा,

आणि त्या दहा दिवसांचं म्हणशील, तर मला वाटलं हॉब नेहमीसारखा थापा मारतोय. तो म्हणाला, फ्रान्समध्ये लोक डिसेंबरच्या नऊ तारखेला झोपले आणि उठले ते वीस तारखेला. मी म्हटलं, हॉब, दिएपला मासळी विकायला जातोस की दारू प्यायला? पण काल पाद्रीसाहेबांनी पण तेच सांगितलं. पोपने दहा दिवस काढून टाकले, तिकडच्यांनी मानलं, आपल्या राणीने नाही मानलं. म्हणजे तू दोन वर्षं माझ्या दहा दिवस पुढे राहतोयस आणि मला पत्ताच नाही.

मग माझ्या डोक्यात आईचा दिवस आला.

चार एप्रिल. तू फ्रान्सला, रीम्सच्या पाद्रीशाळेत शिकायला निघालास तेव्हा आपलं ठरलं होतं ना, दरवर्षी चार एप्रिलला, दुपारी चार वाजता, दोघांनी मेणबत्ती लावायची. राणीच्या नव्या पंथात मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावलेली चालत नाही, म्हणून मी ती पिठाच्या पिंपामागे लावते. पीठ पेटलं तर घर जाईल, पण आईला दिसेल. यंदा पण लावली. म्हटलं, आत्ता या क्षणी दादा पण बसला असेल असाच. आणि तू तर दहा दिवस आधीच लावून, विझवून, जेवून मोकळा झाला होतास. तू लावलीस तेव्हा इकडे पंचवीस मार्च. मी त्या दिवशी काय करत होते माहितीये? लोकर पिंजत होते आणि बाबांशी भांडत होते. दोन वर्षं आपण एकत्र एवढी एकच गोष्ट करत होतो, आणि ती पण एकत्र नव्हतीच.

बाबांचा खोकला वाढलाय. चर्चला येतात, कारण नाही आले तर चर्चचे कारभारी मिस्टर पेलिंग वहीत नाव लिहितात. पण कानात लोकरीचे बोळे घालून बसतात, नवी प्रार्थना ऐकू येऊ नये म्हणून. परवा पेलिंग म्हणाले, "काय पेनफोल्ड, प्रवचन कसं वाटलं?" बाबा म्हणाले, "हो हो, पाऊस पडणार." अख्खं गाव हसलं. पेलिंग नाही हसले.

आता महत्त्वाचं. नवा कायदा आलाय. तिकडे शिकून जुन्या पंथाची दीक्षा घेतलेला पाद्री इथे उतरला तर त्याला फाशी, आणि त्याला घरात घेईल त्यालाही फाशी. पण ज्यांची दीक्षा झाली नाही, नुसते शिकतायत, त्यांनी सहा महिन्यांत परत येऊन राणीच्या नावाने शपथ घेतली की झालं. तुझी दीक्षा झाली नाहीये ना अजून? मग ये ना. मला इथे कोणाशी धड भांडता पण येत नाही. बाबांना ऐकू येत नाही, आणि कोंबड्या उलट उत्तर देत नाहीत.

तुझी
टॅमसिन

*

रीम्स
२० मे (तिकडे तुमची दहा तारीख असेल, बघ, शिकलो)

टॅम,

मी गाढव आहे. तारखा वेगळ्या आहेत हे मला माहीत होतं, इथे सगळ्यांना माहीत आहे. पण आईच्या मेणबत्तीचा आणि त्याचा संबंध आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. तुझं पत्र वाचून मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. आता उशाशी तुझी तारीख खडूने लिहून ठेवतो आणि रोज बदलतो. पुढच्या वर्षी मेणबत्ती तुझ्या तारखेने लावणार, नक्की.

इथे आम्ही दोनशे जण आहोत आणि मी एकटा आहे. हे कसं काय ते मलाही कळत नाही. सगळे इंग्रजीत बोलतात, पण ससेक्सचं इंग्रजी कोणी बोलत नाही. मी "मेंढरं" म्हटलं की यॉर्कशायरचा एक जण हसतो.

माझ्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळे दीक्षेचं आत्ता काही बोलत नाही. पण मी येतो. बाबांचा खोकला वाढलाय म्हणालीस, म्हणून येतो. बाबांना सांग, त्यांना जे सगळ्यात जास्त हवंय ते मी घेऊन येतोय. त्यांना कळेल.

हॉबच्या बोटीतून नको. बंदरात त्याची झडती होते, आणि तो आधीच म्हणालाय की पत्र मासळीच्या टोपलीत मावतं, माणूस मावत नाही. दिएपचा एक कोळी मला आपल्या घराखालच्या किनाऱ्यावर सोडायला तयार आहे, अंधार पडायच्या आत. तू एक दिवस ठरव. त्या दिवशी आईची निळ्या काठाची चादर समुद्राकडच्या कुंपणावर वाळत घाल. चादर दिसली तर उतरतो. नसली तर परत.

तुझा
जर्वस

*

गोर्सहॅम
८ जुलै (इकडची)

दादा,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी दूध तापवत होते, ते सगळं उतू गेलं. येतोयस. मी तीन वेळा वाचलं आणि मग कोंबड्यांना वाचून दाखवलं.

बाबांना तुझा निरोप सांगितला. काही बोलले नाहीत. आता बरेच शांत असतात. खोकला पूर्ण थांबलाय, अडीच आठवडे झाले. तू काळजी करू नकोस. मला आठवतंय, त्यांना ती लाल फ्रेंच दारू हवी असायची. तीच ना? एक बाटली आणलीस तरी पुरे. मी पण घेईन थोडी.

निळ्या काठाची चादर आता नाहीये. जुनी झाली होती. साधी पांढरी घालीन, मोठी, दिसेल तुला.

गावात सगळे घाबरलेत. स्पेनची जहाजं येणार म्हणतात. गेल्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका राजपुत्राला घरात घुसून गोळी घातली, आता राणीला घालणार म्हणतात. टेकडीवर लाकडांचा ढीग रचलाय, जहाज दिसलं की पेटवायचा. गावातले पुरुष पाळीपाळीने पहारा करतात. आणि आपल्या अंगणातून समुद्र सगळ्यात चांगला दिसतो, त्यामुळे ज्याची पाळी असेल तो टेकडी सोडून आपल्याकडेच येऊन बसतो. पेलिंग तर जास्तच. परवा म्हणाले, "टॅमसिन, एवढ्या घरात एकटं वाटत नाही का?" मी म्हटलं, "एवढी माणसं फुकट बीअर प्यायला येतात, एकटं कसं वाटेल?"

पण मी पाळ्या बघून ठेवल्यात. एक दिवस गिरणीवाल्याचा आहे. तो आला की दहा मिनिटांत घोरतो. म्हणून दिवस ठरवला: ३० सप्टेंबर. नीट मोजलंय, बोटांवर दोनदा. यावेळी काही चुकणार नाही.

लवकर ये. म्हणजे लवकर नको, त्याच दिवशी ये.

टॅमसिन

*

रीम्स
१२ ऑगस्ट

टॅम,

३० सप्टेंबर, पक्कं. मीही मोजलंय, आता मला गाढव म्हणू नकोस. दिएपच्या कोळ्याला सांगितलं आहे. तो म्हणतो, चादर नाही तर उतरणं नाही, त्यालाही बायकामुलं आहेत.

बाबांचा खोकला थांबला हे वाचून इतकं बरं वाटलं की त्या दिवशी यॉर्कशायरवाल्याला स्वतःहून हाक मारली. त्यांना म्हणावं, थोडीच कळ काढा.

जर्वस

*

गोर्सहॅम
२४ सप्टेंबर (इकडची)

दादा,

नाही आलास.

तुला सगळं सांगते, म्हणजे तुला कळू दे. त्या दिवशी मी पहाटे उठून चादर धुतली. स्वच्छच होती, तरी धुतली. दुपारी गिरणीवाला यायचा होता. त्याचा पाय मुरगळला, म्हणून त्याच्या जागी आले पेलिंग. जेवणाच्या वेळी आले आणि दिवस बुडेपर्यंत हलले नाहीत. कुंपणाकडे तोंड करून बसले. मी चादर काढायला उठले तर म्हणाले, "अगं ओली आहे, राहू दे की." काय कारण सांगणार? मग मी त्यांना मटण भरून भाजलेली पाई खायला दिली, म्हणजे खाली बघतील. एक खाल्ली. दुसरी दिली. तीन खाल्ल्या, पण नजर समुद्रावर. मी मनात एकदा म्हणत होते, देवा, तो येऊ नये, आणि लगेच, देवा, तो यावा. दोन्ही एकाच दमात.

तू आला नाहीस. पेलिंग गेल्यावर मी तिथेच अंगणात बसून राहिले. मग मला वाटलं, याला यायचंच नव्हतं. याला तिकडे दोनशे भाऊ मिळालेत.

तर आता ऐक. बाबा २१ जूनला गेले. माझ्या आधीच्या पत्रात तुला जे लिहिलं ते सगळं खरं होतं, खोकला थांबला होता, ते शांत होते. मी फक्त का ते लिहिलं नाही. बाबा गेले असं लिहिलं असतं तर तू आला असतास? कोणासाठी? माझ्यासाठी? मला खात्री नव्हती, म्हणून नाही लिहिलं.

निळ्या काठाची चादर त्यांना गुंडाळायला घेतली. नव्या पद्धतीने पुरलं, एकदाच घंटा, आणि चार माणसं. तुझा निरोप मी थडग्यापाशी जाऊन सांगितला. काही बोलले नाहीत.

टॅमसिन

*

दिएप
१४ ऑक्टोबर (तुमची ४)

टॅम,

तुझं पत्र आलेलं नाही, हॉब भेटला नाही, पण मला थांबवत नाही म्हणून लिहितो.

मी तुला पाहिलं. बोट किनाऱ्याच्या इतकी जवळ होती की कोंबड्या मोजता आल्या असत्या. तू उतारावर वाकून काही तरी वेचत होतीस. काळे कपडे घातले होतेस. कुंपण रिकामं होतं. कोळी दोन तास थांबला, मी त्याच्या हातापाया पडलो. तू एकदाही वर बघितलं नाहीस. शेवटी तो म्हणाला, "बहीण शहाणी आहे तुमची," आणि वल्ही फिरवली.

काळे कपडे बघून मला कळलं. बाबा गेले, हो ना? कधी?

आणि तुझ्यावर मी रागावलो नाहीये. उलट तूच बरोबर केलंस, आणि का बरोबर केलंस हे तुला माहीतही नाही. मी तुझ्यापासून लपवलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी माझी दीक्षा झाली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी पाद्री झालेलाच होतो. सहा महिन्यांची सवलत माझ्यासाठी नव्हतीच. बाबांना मरताना जुन्या पद्धतीने तेल लावणारा, त्यांच्या पापांची कबुली ऐकणारा कोणी तरी हवा होता. ते मी आणणार होतो. दारू नव्हे.

तुला सांगितलं नाही, कारण उद्या कोणी शपथेवर विचारलं असतं, तर तुला खरं खरं "माहीत नाही" म्हणता आलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, सांगितलं असतं तर तू "येऊ नको" म्हणाली असतीस, ही भीती होती.

जर्वस

*

गोर्सहॅम
२ नोव्हेंबर (इकडची)

दादा,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काहीच समजेना. वीस सप्टेंबरला मी दिवसभर अंगणात पेलिंगना पाई वाढत होते, उतारावर पाऊलही ठेवलं नव्हतं, आणि चादर तर फडफडत होती. मग मी चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर लिहून काढलं.

मला तू हवा होतास आमच्या वीस सप्टेंबरला. मी म्हटलं, दादाला सोपं पडावं म्हणून त्याच्या तारखेत लिहू. म्हणून दहा मिळवून ३० लिहिलं. आणि तू म्हटलंस, टॅम काय, तिची तारीख लिहिणार. म्हणून तू परत दहा मिळवलेस. हो ना? तू तुमच्या दहा ऑक्टोबरला आलास. तेव्हा इकडे ३० सप्टेंबर होता. मी तुझा विचार केला, तू माझा केलास. दोघांपैकी एकाने जरी स्वतःपुरतं बघितलं असतं तरी भेट झाली असती.

आणि ऐक, त्या दिवशी इथे कोणीही नव्हतं. मायकलमास सणाची जत्रा होती, सगळं गाव तिकडे गेलं होतं, पेलिंग पण, पहारा पण. मी एकटी ब्लॅकबेरी वेचत होते. मान वर केली असती तर तू दिसला असतास. काटे हाताला लागत होते म्हणून खाली बघत होते. एवढंच.

आणि बरोबर तारखेला आला असतास, तर थेट पेलिंगच्या पुढ्यात. पाद्री होऊन, तेलाची कुपी खिशात. तू पण गेला असतास आणि तुझ्यामागे मी पण.

मी खूप रागावले आहे. दीक्षेचं लपवलंस म्हणून. मग आठवतं की मी बाबा लपवले. मग कोणावर रागवायचं तेच कळत नाही, आणि घरात दुसरं कोणी नाही.

बाबा झोपेत गेले. शेवटी कानातले बोळे काढून हातात घेतले होते. मी विचारलं, काय ऐकायचंय बाबा? म्हणाले, "कोणी आलं का बघ."

टॅमसिन

*

रीम्स
२ डिसेंबर (तुमची २२ नोव्हेंबर)

टॅम,

"कोणी आलं का बघ." हे मी रोज वाचतो.

मला वसंतात इंग्लंडला पाठवतायत. ठरलंय ते, माझ्या हातात नाही, आणि मला जायचंही आहे. तुझ्याकडे एकदा येणारच. चादर असो वा नसो. बाबांच्या थडग्यापाशी दोन शब्द म्हणेन, तुझ्या हातचं जेवेन, आणि सकाळी निघून जाईन. एक दिवस. तेवढ्याने काय होतंय?

नाही म्हणू नकोस.

जर्वस

*

गोर्सहॅम
२८ डिसेंबर (इकडची)

दादा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. त्याच रविवारी पेलिंग आले, यावेळी समुद्राकडे न बघता माझ्याकडे बघत बसले. म्हणाले, परदेशी शिकायला गेलेल्यांची यादी नाताळानंतर न्यायाधीशांकडे जाणार आहे. आपल्या गावातून एकच नाव. मग घराची झडती, घरावर नजर, बंदरात तुझं वर्णन: उंच, डाव्या भुवईवर खूण. "मी काय करू टॅमसिन," म्हणाले, "मला शपथ आहे." माणूस वाईट नाही रे. तीन पाई खाल्ल्या तरी.

मी म्हटलं, "नाव लिहू नका. तो गेला."

मला स्वतःलाच कळलं नाही मी काय बोलतेय. म्हटलं, पत्र आलंय, दिएपला तापाने गेला, परत यायला निघाला होता, शपथ घ्यायला. पेलिंगनी टोपी काढली. मग मी रडले, आणि ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी घंटा वाजली. मग लोक आले, दादा. सगळे आले. बाबांच्या वेळी चार होते, तुझ्या वेळी घर भरलं. गिरणीवाला लंगडत आला. लोहाराच्या बायकोने मनुकांचा केक आणला, ती माझ्याशी आईच्या काळापासून बोलत नव्हती. कोणी तरी तू चर्चच्या छपरावर चढून मध काढलास ते सांगितलं, आणि खाली पडलास ते. पाद्रीसाहेब म्हणाले, डोकं चांगलं होतं, चुकीच्या गावी गेलं. हॉब तर सगळ्यात जास्त रडला. त्याला खरं माहीत आहे, पण बीअर भरपूर होती. दोन वर्षांत पहिल्यांदा या घरात इतकी माणसं एकदम बसली आणि सगळे तुझ्याबद्दल बोलत होते. मला क्षणभर वाटलं, तू आलायस.

मग ते गेले. मी पेले धुतले. सतरा.

आता तू इथे येऊ शकत नाहीस. मेलेला माणूस दारात उभा राहिला तर गाव आधी किंचाळेल आणि मग हिशोब मांडायला लागेल. यादीत तुझं नाव नाही, बंदरात तुझं वर्णन नाही. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या कुठल्या तरी गावाला उतर. यॉर्कशायरला जा, तिथला मित्र हसेल तेवढा हसू दे. तुझं नवं नाव मला कळवू नकोस. हॉब म्हणतो, मेलेल्याची पत्रं नेणं आता त्याला जमायचं नाही, बंदरात कोणी तरी विचारेल. तेव्हा हे शेवटचं.

बाबांच्या शेजारी तुझ्या नावाची फळी लावलीय, मी रविवारी दोघांसाठी उभी राहते. बायका म्हणतात, बिचारी, कोणी उरलं नाही हिला. मी मान हलवते. वाद काय घालणार, तसं बघितलं तर खरंच आहे.

रोज सकाळी वाटतं, ठीक केलं, तो जिवंत राहील. रोज संध्याकाळी वाटतं, तो एक दिवस मागत होता, नुसता एक दिवस, आणि मी तोही दिला नाही. तुझं उत्तर माझ्यापर्यंत येणार नाही हे माहीत आहे. तरी विचारते, कारण दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. तू माझ्या जागी असतास, आणि मी समुद्रापलीकडे, तर तू मला एका दिवसासाठी घरी येऊ दिलं असतंस, की माझ्यासाठी घंटा वाजवली असतीस?

टॅमसिन